सासऱ्यांचं गाऱ्हाणं आणि फोनचे थर

माझी लेक नेमकं काय काम करते हे आमच्या घरात कोणालाच धड सांगता यायचं नाही. बंगळुरूला असते, फोनच्या कंपनीत आहे, एवढं पाठ. हळदीकुंकवाला कोणी विचारलं की मी सांगायचे, "फोनच्या आतलं बघते." मग समोरची बाई पर्समधून आपला बिघडलेला फोन बाहेर काढायची. लेक चिडायची. "आई, मी फोन दुरुस्त करत नाही गं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या खालच्या थरांवर काम करते." मी समजल्यासारखी मान हलवायचे. थर म्हटलं की माझ्यापुढे एक तर दहीहंडी यायची, नाहीतर बिर्याणी.

ते थर मला कळले गेल्या गणपतीत, तेही सासऱ्यांच्या गाऱ्हाण्यामुळे.

मी गिरगावातली, फणसवाडीत वाढलेली. लग्न होऊन परळला आले तेव्हा गाऱ्हाणं म्हणजे तक्रार एवढंच मला ठाऊक. सासरची माणसं मालवणकडची. तिथे गणपतीची पूजा झाली की घरातला थोरला देवापुढे उभा राहून सगळ्या घरादारासाठी मोठ्याने मागणं मागतो, ते गाऱ्हाणं. एकेका मागण्यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पहिल्या वर्षी मी "हो महाराज" म्हटलं होतं. सासरे त्याची आठवण अजून दरवर्षी काढतात.

आमच्याकडे गाऱ्हाणं सासऱ्यांचं. गिरणी चालू होती तेव्हाही, बंद पडली तेव्हाही, आणि चाळ पाडून तिथे हा टॉवर उभा राहिला तेव्हाही गणपतीला ते गावी गेले आणि गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. गेल्या वर्षी मात्र खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. नवरा गावी पुढे गेला, मी सासऱ्यांजवळ परळला राहिले. ठरलं असं की गाऱ्हाणं ते इथून व्हिडिओ कॉलवर घालतील आणि माणसं तिथून व्हय म्हणतील. गावच्या घरात मोबाइलची रेंज येत नाही, पण वायफाय आहे, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. नवऱ्याचा फोन ऐन वेळी बंद पडला म्हणून तो माझाच घेऊन गेला. घरात उरला एकच, सासऱ्यांना नुकताच आणलेला नवा.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तालीम केली. पडद्यावर गावचं माजघर दिसलं, मखर दिसलं, धाकटे काकासासरे दिसले. सासरे खूश झाले. म्हणाले, "मखर वायच डावीकडे घेवा रे." तिकडे कोणी हललं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा जोरात. काकांनी कॅमेऱ्यात तोंड घातलं.

"दादानू, तोंड हलता, पण आवाज येणा नाय."

आम्हाला त्यांचं सगळं ऐकू येत होतं, त्यांना आमचं काहीच नाही. काका नवऱ्याकडे वळून म्हणाले, "उद्या असांच झाला तर मीच घालतंय गाऱ्हाणा. देवाक किती वेळ थांबवतलास?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य इकडे स्वच्छ ऐकू आलं. सासऱ्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"घालीत तो," ते म्हणाले. "घालूक येता तेका."

आणि चष्मा पुसत बसले. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसायला लागले, तेव्हा मला राहवेना.

मी फोन उलटासुलटा करून पाहिला. खालच्या कडेला एक बारीक भोक दिसलं. माइक बुजला असणार असं माझं निदान. बांगडीतली सेफ्टी पिन काढून घातली आत. टुणकन एक छोटा ट्रे बाहेर आला आणि त्यातलं सिमकार्ड उडून सोफ्याखाली गेलं. मग मी जमिनीवर पालथी आणि सासरे वरून वॉकरने दिशा दाखवतायत, असा कार्यक्रम झाला. "थय नाय गो, पायाकडे. तुझ्या नाय, सोफ्याच्या." शेजारून फोन मागून आणावा तर मजल्यावर सगळ्या दारांना कुलुपं. अख्खा मजला गावी गेलेला.

सिम सापडलं, ते परत बसवून मी लेकीला साधा फोन लावला आणि रडकुंडीला येऊन सांगितलं की नव्या फोनचा माइक गेला.

"तू आत्ता कुठल्या फोनवरून बोलतेयस?" तिने विचारलं.

"आजोबांच्या."

"आणि मला ऐकू येतंय."

सासरे गालात हसले. संध्याकाळपासून पहिल्यांदा.

लेक म्हणाली, "स्पीकरवर टाक, आजोबांनाही ऐकू दे. फोनमध्ये सगळ्यात खाली वस्तू असतात, माइक, कॅमेरा वगैरे. त्यांच्यावर कर्नल, म्हणजे त्या वस्तू प्रत्यक्ष हलवणारा थर. माइकला हात लावायचा हक्क त्याचाच. त्याच्यावर एक दुभाषा, कारण प्रत्येक कंपनीचा माइक वेगळा. मी या दोघांच्या मध्ये काम करते. त्याच्यावर चौकट. कोणाला काय द्यायचं ते ती ठरवते. आणि सगळ्यात वर अॅप. तुम्हाला दिसतं ते एवढंच. प्रत्येक अॅप आपापल्या खोलीत बंद असतं. त्याला आवाज हवा असेल तर त्याने चौकटीला विचारायचं, चौकटीने खाली सांगायचं. थेट उडी मारता येत नाही."

मी म्हटलं, "अगं, पण—"

"थांब गो," सासरे म्हणाले. ते पुढे वाकले होते. "बाय, म्हणजे ह्यो गाऱ्हाण्याचोच क्रम मगे. आधी जागेवालो, म्हणजे त्या जागेचो राखणदार, मगे घराण्याचो मूळपुरुष, मगे गावचो देव. मधल्याक सोडून वरच्याक हाक मारूची नसता."

लेक सावकाश म्हणाली, "आजोबा, मला ऑफिसात नवीन मुलांना हे समजवायला अख्खी दुपार लागते."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिर्याणीचा उल्लेख केला नाही.

साध्या कॉलला आवाज जातोय म्हणजे खालचे थर ठीक, अडलंय ते वर, चौकट आणि व्हिडिओच्या अॅपच्या मध्ये, असं लेकीचं म्हणणं. सेटिंग्जमध्ये अॅप, अॅपमध्ये परवानग्या, असं ती सांगत गेली आणि मी दाबत गेले. मायक्रोफोनपुढे लिहिलं होतं, 'अनुमती देऊ नका'.

"कोणीतरी नाही म्हटलंय," लेक म्हणाली. "तेही दोनदा. दोनदा नाही म्हटलं की तो पुन्हा विचारत नाही."

"मी नाही हं," मी लगेच म्हणाले. माझा पूर्वेतिहास पाहता ते गरजेचं होतं.

सासरे खाकरले. "मी म्हटलंय. तो इचारी होतो, ऑडिओ रेकॉर्ड करू काय. मी नको म्हटलंय. परत इचारल्यान, परत नको म्हटलंय. गाऱ्हाणा देवाक घालूचा असता, मोबाइलात भरून ठेवूचा नसता."

मग मला उलगडलं. आदल्या वर्षी वाडीतल्या एका पोराने त्यांचं गाऱ्हाणं गुपचूप रेकॉर्ड करून आपल्या फोनची रिंगटोन केली होती. ती एसटी स्टँडवर वाजली आणि बाकावरच्या चारपाच जणांनी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. गावभर हसू झालं. सासरे हसले नव्हते. पोराला काही बोललेही नव्हते. पण देवाशी केलेलं बोलणं बाजारात वाजलं, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

मला वाटलं लेक आता हसणार. ती हसली नाही.

"तुम्ही बरोबरच केलंत, आजोबा. प्रश्नच तसा लिहिलाय. माइक वापरायचा असला तरी फोन तेच विचारतो. इथे आवाज फक्त पलीकडे पोचवायचा आहे, अॅप तो साठवून ठेवणार नाही. आणि तिकडे कोणी रेकॉर्ड करणार नाही हे बाबा बघतील."

"म्हणजे मी नाय म्हटलंय," सासरे विचार करत म्हणाले, "आणि ह्या चौकटीतल्या बाप्याने शेवटपर्यंत कोणाक आत सोडूक नाय."

"नाही सोडलं."

"बरो हा राखणदार."

पडद्यावर तीन पर्याय होते. मी पहिल्यावर, कायमच्या होकारावर, बोट नेलं. त्यांनी माझा हात बाजूला केला, तिन्ही वाचले आणि 'प्रत्येक वेळी विचारा' यावर स्वतः बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे धोतर नेसून, वॉकर धरून उभे राहिले. मी फोन समईच्या डब्याला टेकवून ठेवला. कॉल लावला. फोनने विचारलं. त्यांनी होकार दिला. पडद्यात गावचा गणपती, त्याच्यामागे माणसं, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात लेक, कानातला इअरफोन केसांआड लपवत ऑफिसच्या जिन्यात उभी.

आजवर त्यांचं गाऱ्हाणं गावच्या जागेवाल्यापासून सुरू व्हायचं. त्या दिवशी त्यांनी पायांकडे पाहिलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या परळच्या जागेवाल्या..."

आणि थांबले. एरवी ते उत्तरासाठी थांबत नाहीत. गावाहून आवाज यायला जरा वेळ लागला. मग आला, सगळ्यांचा मिळून, काकांचा सर्वांत वर.

"व्हय म्हाराजा."

मग ते सुटले. मूळपुरुष, गावचो देव, काकांची गुडघेदुखी, वाडीतलं ते रिंगटोनवालं पोरगं, त्याला नोकरी लागू दे म्हणून. आणि शेवटी, "तशीच माझी नात, ती बंगलोराक ह्या फोनाच्या तळाक काम करता, जय कोणाची नजर जायना नाय. तळातल्या कर्नलापासून वरच्या अॅपापर्यंत जे कोण राखणदार असतीत त्येंनी तिका संबाळूचा, आणि तिच्या हातात येश देवचा, रे म्हाराजा."

जिन्यातल्या चौकोनातून सर्वांत आधी उत्तर आलं. मी म्हणेपर्यंत बाकीच्यांचं झालं होतं, त्यामुळे माझं एकटीचं "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या मागून गेलं. उच्चार बरा होता, असं सासरे नंतर म्हणाले.

अजूनही रविवारी ते गावी व्हिडिओ कॉल लावतात. फोन दर वेळी तोच प्रश्न विचारतो. सासरे चष्मा लावतात, अक्षर न अक्षर वाचतात आणि मगच होकार देतात. तिकडे काका वैतागतात. "दादानू, आयकूक येता मां? बोला मगे."

"थांब," सासरे म्हणतात. "तो इचारता हा."