सोळा तासांचे तीन दिवस

सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई हवाई अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. विमान ते सोळा तासांत कापते. हे मला तोंडपाठ आहे, पण हिवरखेडला मावशीपाशी मी कधी खरे बोललो नाही. आईमागे तिनेच मला वाढवले. ती बोलवायला लागली, की मी ठोकून द्यायचो, “जायला तीन दिवस, यायला तीन दिवस, सुटी उरते कुठे?” सात वर्षे ही थाप बिनबोभाट चालली.

यंदा मात्र निघालो. विमानात बसताना तिला फोन करून निघाल्याचे सांगितले, अकोल्याच्या गाडीची वेळही दिली. दोनदा जेवलो, एकदा झोपलो आणि मुंबईत उतरलोसुद्धा. पण गावी तीन दिवस सांगितलेले! उरलेले दोन दिवस मी कॉलेजच्या मित्रांबरोबर मजेत काढले. गावाच्या लेखी मी अजून हवेत होतो, म्हणून फोन बंद ठेवला.

मग रेल्वेने अकोला. स्टेशनवर मावशीचा मुलगा गजूदादा मोटरसायकल घेऊन आला होता. त्याने आधी घरी फोन करून मी पोचल्याचे सांगितले. मी चहाचे नाव काढले, तर म्हणाला, “घरी चाल पयले. माय तीन दिसाची उपाशी हाय.”

घरचे माणूस प्रवासात असले, की पोचल्याचा निरोप येईपर्यंत मावशी चहावर राहते. कोणी अकोटला गेले तर तो दोन तासांचा उपास. माझा तीन दिवसांचा झाला होता. दादा सांगत होता, शुगरची गोळी उपाशीपोटी घेतल्याने काल ती घेरी येऊन पडली होती, सलाईन लावावे लागले होते. आता निरोप मिळाला तरी माझ्यासोबतच जेवीन म्हणत होती. काल त्या वेळी मी मित्रांबरोबर बिर्याणी खात होतो. अकोटपुढे संत्र्याच्या बागा लागल्या, त्यांच्यामागे सातपुडा दिसू लागला. एरवी मी त्यावर पानभर लिहिले असते. मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. मी गाडीवर मागे बसलो होतो तेच बरे, दादाला माझे तोंड दिसत नव्हते.

मावशीने पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांची झणझणीत रस्साभाजी) आणि भाकर केली होती. सलाईनची पट्टी अजून हातावर होती. त्याच हाताने तिने आधी मला वाढले.

“बसून बसून आंग आंबलं असीन तुयं,” ती म्हणाली.

मी खरे काय ते सांगून टाकले. सोळाच तास लागतात, दोन दिवस मी मुंबईत होतो.

दादाने माझ्याकडे बघणेच सोडले. मावशी तोंडातला घास सावकाश चावत राहिली. ती चिडली असती तर मला सोपे गेले असते. पण तिला खरोखरच कळत नव्हते.

“सोया तासच लागते, तं मंग सात वर्सं कावून लागले, बापा?”

आठ दिवस राहिलो, सात वर्षे का, हे तिने पुन्हा विचारले नाही. बागेतली संत्री मात्र रोज सोलून दिली.

परतीचे विमान उतरले आणि दारही उघडले नव्हते, तोच मी फोन लावला. “मावशी, पोचलो. जेव आता.”

पलीकडून ती हळूच म्हणाली, “खरंच पोचला ना?”

इतक्या वर्षांत हे तिने मला कधी विचारले नव्हते.