हळदीकुंकवाच्या ताटातली नोट

“मॅडम, हे सगळं ट्रायलमध्ये सांगा,” न्यायमूर्ती म्हणाले आणि फाइल मिटायला लागले. माझ्या मागे रेशमा मडावी उभी होती. आष्टीकडची पोरगी, वनरक्षकाच्या भरतीत पास झालेली. ट्रायल म्हणजे खालच्या कोर्टातला खटला. तो संपेपर्यंत तिची नोकरी थोडीच थांबणार होती?

वर्ध्यात दारूबंदी आहे. दारू विकणाऱ्याला पकडायला पोलीस खोटं गिऱ्हाईक पाठवतात. त्याला पंटर म्हणतात. त्याच्याकडे नंबर टिपलेली नोट देतात. ती ज्याच्या घरात सापडली तो आरोपी. रेशमावर अशीच केस झाली होती. ती रद्दच करा म्हणून आम्ही नागपूरला हायकोर्टात गेलो होतो. याला आम्ही क्वॅशिंग म्हणतो. सहसा ते होत नाही, पक्षकार मात्र देव पाण्यात घालून बसतात.

माझा सगळा भरवसा होता गुलाबरावांवर, म्हणजे खुद्द पोलिसांच्या पंटरवर. धाडीनंतर ते आपणहून माझ्या ऑफिसात आले होते.

“बाई, बाटली माह्याच थैलीत होती. घरात घुसाचं कसं? म्हून म्या सांगतलं, पोरगी पाहाले आलो. तिनं पाया पडून चहा देल्ला. मंग कुंकू लावून नोट तिच्या हातावर ठेवाच लागली.”

“हे कोर्टाला लिहून द्याल? पोलिसांकडून केसमागे मिळतात ते पैसे बंद होतील.”

“होऊ द्या. मले जेवण गोड नाई लागून राह्यलं.”

त्यांनी लिहून दिलंही. पण हायकोर्टात सरकारी वकील म्हणाले, पंटर फितूर झालाय. मी शेवटचं विनवलं, “साहेब, नोट कुठं सापडली, एवढंच तपास अधिकाऱ्यांना विचारा.”

अधिकारी उभे राहिले. “ताटात, सर.”

“कसल्या ताटात?”

“हळदीकुंकवाच्या.”

न्यायमूर्ती विदर्भातलेच. त्यांनी चष्मा काढला. “दारू विकणारी गिऱ्हाइकाकडून कुंकू लावून घेते?”

केस रद्द झाली, रेशमा नोकरीवर रुजू झाली.

उलटलेले साक्षीदार मी पुष्कळ पाहिले. खऱ्याच्या बाजूला उलटलेला हा एकच. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. धडा म्हणाल तर एवढाच, की सापळा लावायला रीतभात पाळणारा माणूस पाठवू नये.

यंदा रेशमाच्या लग्नात गुलाबरावांनी तिच्या हातावर नोट ठेवली. तिनं ती उलटून पाहिली.

“काका, नंबर तं नाई न लिहून ठेवला कुठं?”

मांडवात सगळ्यात मोठ्यानं गुलाबरावच हसले.