कोऱ्या डोळ्यांचे साठ गणपती

मालवणच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि आपण पडावातून तिच्यापर्यंत जायचं. चौपन्नच्या दिवाळीनंतर मी माझी पत्र्याची ट्रंक पडावात ठेवली तेव्हा बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. आई काठावर रडत होती. बाबा रडत नव्हते, पण पडावाची कड धरून उभे होते आणि तांडेल ओरडला तरी सोडत नव्हते. शेवटी म्हणाले, "श्रावणात ये. माझो हात कापाक लागलो हा. डोळे आता तू काढूचे." मी होय म्हटलं, तेव्हा त्यांनी कड सोडली.

देवबागच्या मंडळींनो, तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून पुढचं मीच लिहून ठेवतो. आणि माझ्यासारखे जे मुंबईला गेले, त्यांनीही वाचावं.

आमची गणपती घडवायची शाळा होती. नागपंचमीला आमच्यासकट साठ घरांचे साठ पाट आमच्या पडवीत यायचे. ज्या घरचा पाट, त्याच पाटावर त्या घरचा गणपती. पाटाखाली प्रत्येकाची खूण असे. कुणाची होडी, कुणाचा माड, आमची नुसती एक आडवी रेघ. माती आई मळायची, अंग मी रंगवायचो आणि डोळे बाबा काढायचे, सगळ्यात शेवटी, उपाशीपोटी. त्या दिवशी पडवीत कुणी खोकतसुद्धा नसे. उरलेले अकरा महिने आम्ही काय करायचं, ते मात्र तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. उलट विचारायचात, "चित्रां काढून पोट भरता काय रे?" तर नाही भरत, म्हणून गेलो.

मुंबईत मला सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. कापडावर चौकोन आखायचे, फोटोवर तसेच चौकोन आखायचे आणि वीतभर तोंडाचं वीस फुटी तोंड करायचं. पण ते इतरांनी. मी अक्षरं, साड्यांचे काठ आणि ढग. चेहरे जुने कारागीर करायचे आणि डोळे फक्त उस्ताद. इथेही डोळे शेवटी, इथेही म्हाताऱ्याच्याच हातात. मला हसू यायचं आणि रागही यायचा. अडीच वर्षं मी ढग काढले. दोन श्रावणांत गावी येऊन डोळे काढून गेलो, ते तुम्हाला आठवत असेल. छान म्हणालात, प्रसादही दिलात.

सत्तावन्नच्या मे-जूनमध्ये मुंबईत फ्लू आला. परळला गावच्या खोलीत आम्ही अठराजण पाळीपाळीने झोपायचो. आठवड्यात सगळी खोली आडवी झाली, पाळी वगैरे संपलीच. जो उठू शकेल त्याने पेज शिजवायची. मलाही चार दिवस ताप आला. अंग ठणकायचं, भिंतीवर चौकोन दिसायचे. पाचव्या दिवशी उठून शेडमध्ये गेलो तर अकरा कारागिरांतले दोघे हजर, आणि त्यातला एक मी. उस्ताद घरी तापाने फणफणलेला. शुक्रवारी नवीन चित्र लागायचं होतं. नायकाचं तोंड तयार, हातात पिस्तूल तयार, फक्त डोळ्यांच्या जागी कोरं कापड. मालक म्हणाला, "तू काढ."

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. खोलीत माणसं कण्हत होती, समोरच्या चाळीतून दोघांना खांद्यावर नेलेलं मी पाहिलं होतं, आणि मी मात्र शिडीवर चढून शीळ घालत होतो. साथ नसती तर मी आणखी दहा वर्षं ढगच काढले असते. एकेक बुबुळ माझ्या डोक्याएवढं. मी सकाळपासून जेवलो नाही, सवयीने. संध्याकाळपर्यंत डोळे झाले, आणि इतकं बरं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, असं मला वाटलं.

बॅनर वर चढला आणि माझी फजिती झाली. गणपतीचे डोळे पाटासमोर जमिनीवर बसलेल्या माणसाकडे बघणारे काढतात. पापणी अर्धी मिटलेली, नजर खाली, शांत. हाताला तीच वळणं ठाऊक. तीस फुटांवर तो नायक पिस्तूल रोखून उभा आणि खालच्या फुटपाथवरच्या सगळ्या जगाला आशीर्वाद देतोय. एका बाईने चक्क पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. मालकाने माझे आईबाप काढले. उस्ताद घोंगडी पांघरून टांग्यातून आला, मान वर करून बॅनर बघितला. म्हणाला, "आँख तो अच्छी है बेटा, मगर इस आदमी की नहीं है." आणि त्याच तापात शिडीवर चढून त्याने अर्ध्या तासात ते डोळे बदलले. पुढच्या महिन्यापासून त्याने मला चेहऱ्यांवर घेतलं.

तेवढ्यात बाबांचं पत्र आलं, मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. साठ पाट आले आहेत, हात अजिबात चालत नाही, वेळेवर ये. पावसात बोटी बंद, म्हणून कोल्हापूरवरून, आंबोलीच्या घाटातून, एसटीच्या खिडकीतून गळणारं पाणी अंगावर घेत आलो. देवबाग म्हणजे एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी. आत यायची वाट एकच. त्या वाटेवर तात्या गावकर, आपल्या देवळाचे मानकरी, आडवी काठी धरून उभे होते. मागे तुम्ही सगळे.

तात्या म्हणाले, "देवान कौल दिलो हा. चतुर्थी होयसर मुंबयचो माणूस आत नाय."

"तात्यानू, माझो ताप जावन दोन म्हयने झाले."

"तुझो गेलो. मुंबयचो नाय गेलो."

मी म्हटलं, बरं, मी वेशीवरच्या मांगरात राहतो, गवताच्या त्या खोपटात, गणपती तिथे आणा, डोळे काढून देतो. तेव्हा तात्यांनी काय सांगितलं ते मी विसरलेलो नाही. "तुझ्या हातचो गणपती आमच्या घरात नको." आंबे-फणसाच्या दिवसांत मुंबईचा माणूस पाहुणा, पेटी उघडून त्याने काय आणलं ते बघायला अख्खी वाडी हजर. तापाच्या दिवसांत तोच माणूस रोग. तुमच्यातल्या एकानेही, एकानेही म्हणतो मी, तात्यांना म्हटलं नाही की मग त्या म्हाताऱ्याने करायचं काय.

तिसऱ्या दिवशी बाबा मांगराकडे आले. डोक्यावर इरलं, हातात फडक्याने झाकलेला आमच्या घरचा गणपती. पाट ओटीवर ठेवला आणि दहा पावलं मागे जाऊन पावसात उभे राहिले. म्हणाले, "आमचो तरी काढून दी." मी काढले. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी जवळ येऊन फडकं उचललं, बघितलं, म्हणाले, "मुंबयन हात बिघडवक नाय." आणि पाट घेऊन गेले.

उरलेले एकोणसाठ त्यांनी कापणाऱ्या हाताने काढले. कुणाचा डोळा वर गेला, कुणाचा कानाकडे ओघळला. चाळीस वर्षांत ज्याने रेघ चुकवली नव्हती त्याने त्या गणपतींना डोक्यावर घेऊन जाताना तुम्हाला बघितलं. मी वेशीवरूनच परत मुंबईला आलो.

पुढच्या साली बाबांचं पत्र आलं, ये. तुमचा कौल फिरला होता, आता माझे हात चालणार होते. मी उत्तर लिहिलं की त्या गावाचे डोळे मी काढणार नाही, पुन्हा विचारू नका. बाबांचं उत्तर एका शब्दाचं होतं, "बरा." शाळा बंद झाली. सन साठच्या उन्हाळ्यात बाबा गेले. मी दहाव्याला आलो, तुमच्यापैकी कुणाशी बोललो नाही आणि आईला व आमचा रेघेचा पाट घेऊन निघालो. तुम्ही म्हणालात, म्हातारपणाने गेले. मी मनात म्हटलं, तुम्ही मारलंत. इतकी वर्षं तेच म्हणत होतो.

आता मी त्याच कारखान्यात डोळे काढतो, उस्तादच्या पद्धतीचे, रागाचे, प्रेमाचे, पाहिजे तसे. वर्षातून एकदा भिंतीलगत आमचा पाट मांडतो. मूर्ती डोळ्यांविना आणतो आणि ते दोन घरी काढतो, उपाशीपोटी.

गेल्या चतुर्थीला दारात तात्या उभे. मोतीबिंदूसाठी मुंबईला आलेले, डोळ्यावर हिरवी पट्टी, काठी तीच असावी. उंबऱ्याबाहेर थांबले. "येव काय रे वासू, आत?"

मी त्यांना तिथेच मुद्दाम उभं ठेवलं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. आई आतून म्हणाली, "वासू, दारात माणूस आसा." तरी मी हललो नाही.

तात्या उंबऱ्याबाहेरूनच बोलले. "त्या वर्सा तुझो बापूस चतुर्थेच्या दुसऱ्या दिवशी घराघरान फिरलो. हात जोडून सांगलान, औंदा सांभाळून घेवा, फुडल्या वर्सा झील येतलो, तो काढतलो. म्हणान फुडल्या नागपंचमीक आमी सगळ्यांनी पाट परत आणून दिले. एक घर चुकला नाय. तू इलंस नाय. मगे बापाशीन एकेक पाट धुवून, पुसून, ज्येचो त्येका दारात नेवन दिल्यान. सगळे, एका दिवसात. माझो पाट दिताना म्हणालो, झिलाक रजा गावली नाय."

माझ्या पत्राचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नसावं, कारण ती दारात येऊन माझ्याकडे बघायला लागली.

तात्यांनी काठी आडवी धरली ती चूक. ते मी अजूनही म्हणतो, आणि मरेपर्यंत म्हणेन. पण ती चतुर्थी संपल्यावर त्यांनी काठी खाली ठेवली होती. नंतरची वाट मीच अडवून धरली होती, आणि पलीकडे पावसात परत बाबाच उभे होते.

मी तात्यांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि पाटासमोर बसवलं. त्यांनी हिरवी पट्टी जराशी वर करून गणपतीकडे बघितलं. काही दिसलं की नाही कोण जाणे. आई मोदक वाढायला वाकली तेव्हा मी विचारलं, "तात्यानू, तुमच्या पाटाक खूण काय होती?"

"माड," ते म्हणाले. "अजून आसा. माळ्यार."

या नागपंचमीला मी येतो आहे. रजा मागितली आहे. पडवी पडली असेल तर देवळाच्या ओसरीत बसेन. तुमच्यावरचा राग घेऊनच येईन, तो काही मुंबईत ठेवून येणार नाही. पाट तेवढे धुवून ठेवा.