मी पडीक ठरवलेल्या बोड्या

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी एक चूक केली, आणि करताना मला माहीत होतं की हे चुकीचं आहे. त्यामुळे तिला नुसती चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझा विषय भूदृश्य परिस्थितिकी. नाव जड आहे, काम सोपं सांगता येतं. एखाद्या मुलखात जंगल, शेत, पाणी आणि वस्ती यांचे तुकडे कसे पसरलेत, कुठला प्राणी कुठल्या तुकड्यावरून कुठे जातो, आणि एखादा तुकडा बुजवला तर कुणाची वाट बंद होते, हे मी शोधते. अभ्यासासाठी मी गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडचा भाग निवडला होता. धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, मधेमधे सागाचे आणि मोहाचे पट्टे, दोन-तीन मोठे तलाव, आणि जिकडेतिकडे बोड्या. बोडी म्हणजे लहान तळं. पावसाळ्यात भरतं, हिवाळाभर धानाला आणि माशांना पुरतं, चैतात आटून तळाला भेगा पडतात.

आम्ही वापरतो ती उपग्रहाची चित्रं उन्हाळ्यातली असतात. पावसाळ्यात ढगच दिसतात. त्यामुळे माझ्या पडद्यावर बोड्या पिवळ्या ठिपक्यांसारख्या उमटल्या, कोरड्या मातीच्या रंगाच्या. मी प्रत्येक ठिपका निळा रंगवून वेगळा दाखवला होता. माझे मार्गदर्शक लांबच्या मोठ्या शहरातले. त्यांनी नकाशा पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"हे एवढे बारीक ठिपके कशाला? परीक्षकाला नकाशा स्वच्छ दिसला पाहिजे."

"सर, या बोड्या आहेत. पावसाळ्यात भरतात."

"चित्रात पाणी आहे?"

"नाही."

"मग पडीक. विलीन करा."

माझी आई लोकांच्या शेतात रोवणीला जायची तेव्हा मला बोडीच्या पाळीवर, तिच्या मातीच्या बांधावर, बसवून जायची. मी पोहायला तिथे शिकले. तरी मी वाद घातला नाही. एक बटण दाबलं आणि सगळे निळे ठिपके पिवळे झाले. शोधनिबंध छापून आला, त्याचं कौतुक झालं, आणि त्याच्या जोरावर मला गोंदियात कॉलेजात नोकरी लागली.

काही वर्षांनी एका सकाळी कॉलेजच्या व्हरांड्यात एक बाई माझी वाट बघत बसली होती. आईची जुनी मैत्रीण, ढीवर समाजाची. गावातल्या तीन बोड्यांत मासे सोडणं आणि धरणं तिच्याच घराकडे. मी तिला मावशी म्हणते. पहाटेची एसटी धरून ती आली होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली.

"पोरी, हे तुयं नाव होय का?"

नव्या वळण रस्त्याचा अहवाल होता. मागे नकाशा जोडलेला, खाली बारीक अक्षरात माझं नाव. पिवळ्या पट्ट्यातून रस्त्याची लाल रेघ सरळ गेली होती. पडीक जमीन, कुणाची हरकत नको म्हणून तिथूनच काढलेली.

"माया बोडीले पडीक लिवलन त्यायनं," ती म्हणाली. "काऊन? तू तं तिथंच वाढली ना?"

मी तिला चहा आणून दिला. मग अहवालात सुनावणीची तारीख शोधली.

तालुक्याच्या ठिकाणी जनसुनावणी झाली तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की हा नकाशा माझा आहे आणि तो खोटा आहे. टेबलामागचे साहेब हसले.

"मॅडम, पेपर तो आपका ही है ना? मग आपणच म्हणता खोटा? फिर हम किसकी बात मानें?"

हॉलमध्ये हशा पिकला. मावशी उठली. "साहेब, आमी पिढ्यान् पिढ्या तिथं मासे धरून राहिलो. मरळ का पडीकात होते का?" लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी इतिवृत्त हाती आलं. त्यात लिहिलं होतं: उपस्थितांनी प्रकल्पाचे स्वागत केले.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एवढी माणसं बोलली, एक बाई मजुरी बुडवून आली, आणि कागदावर तिच्या तोंडून स्वागत वदवलं गेलं. हे लिहिणाऱ्याने संध्याकाळी घरी जाऊन मासेच खाल्ले असतील.

त्या पावसाळ्यात मी नवा नकाशा काढला. उपग्रह बाजूला ठेवला. मावशी पुढे, मी मागे, गुडघाभर चिखलात. कुठल्या बोडीत देवधान, म्हणजे न पेरता येणारं रानभात, उगवतं, कुठे कमळकंद, कुठल्या बोडीतलं जास्तीचं पाणी कुठल्या नाल्याने पुढच्या बोडीत उतरतं आणि त्याच वाटेने मासे कसे चढतात, हे ती बोटाने दाखवायची. माझ्या सगळ्या शोधनिबंधात ही जोडणी नव्हती. आणि जोडणी हाच तर माझा विषय! एका बोडीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "इथून ऊद जाते. पाय पाह्य." चिखलात पाणमांजराच्या पंजांची रांग होती, ताजी.

नवा नकाशा घेऊन रस्त्याचं काम बघणाऱ्या कार्यालयात गेले. उत्तर मिळालं की हा छापलेला नाही, छापलेला जुनाच ग्राह्य धरला जाईल. मग एकच रस्ता उरला. मी नियतकालिकाला लिहिलं की माझ्या निबंधातला नकाशा चुकीचा आहे, दुरुस्ती छापा. मार्गदर्शकांचा फोन आला.

"वेड लागलंय का तुम्हाला? माझंही नाव आहे त्यावर. चार डबक्यांसाठी करिअर घालवणार?"

"सर, डबकी नाहीत ती. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हा गप्प बसलात ना? आता पण बसा."

ते खरं बोलत होते, म्हणून जास्त झोंबलं. मी बसले नाही. दुरुस्ती छापून आली. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि एका मोठ्या प्रकल्पातून माझं नाव गळालं. पुढे विद्यापीठात जागा निघाली, मी मुलाखतीला गेले. समोरच्या एका सदस्यांनी फाइल उलटवत विचारलं, "स्वतःचंच संशोधन चुकीचं म्हणणाऱ्या व्यक्तीवर विद्यार्थ्यांनी विश्वास कसा ठेवायचा?"

"ज्यांनी कधीच चूक कबूल केली नाही त्यांच्यावर ठेवतात तसा ठेवावा," मी म्हणाले. जागा दुसऱ्याला मिळाली.

छापलेली दुरुस्ती कार्यालयात दिल्यावर रस्त्याची रेघ थोडी वाकली. मावशीची सगळ्यात मोठी बोडी वाचली. उरलेल्या दोन बोड्यांत मुरूम पडला, एकाच आठवड्यात. मी पोचले तेव्हा रोलर फिरत होता आणि मावशी पाळीच्या उरलेल्या तुकड्यावर पदर डोक्यावर घेऊन उभी होती. रडत नव्हती. मी जवळ गेले तर तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"एक वाचली, दोन गेल्या," ती रोलरकडे बघत म्हणाली. "तुले चांगलं म्हनू का वाईट, मले समजून नाही राहिलं."

मलाही समजत नाही. लोक म्हणतात, तुम्ही निदान प्रयत्न केलात. हे वाक्य मला सहन होत नाही. प्रयत्न मी उशिरा केला. पण एका बटणाने गावाचं पाणी पुसता येतं, आणि तेच पाणी परत लिहून घ्यायला अर्ज, साक्षी, शिक्के, पेपर आणि वर्षं लागतात, ही रीत कुणी ठरवली? माझ्या मार्गदर्शकांनी नाही, त्या साहेबांनीही एकट्याने नाही. म्हणूनच संतापायला समोर कुणी सापडत नाही आणि संताप जात नाही.

कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो अहवाल अजून आहे, जुन्याच नकाशासह, खाली माझं नाव. तो काढा म्हणून मी पत्रं पाठवत असते. दर वेळी तेच उत्तर येतं: आपला अर्ज प्राप्त झाला.