अकरा नंबरच्या खाटेची पट्टी

स्त्रियांच्या सर्जिकल वॉर्डात सव्वीस वर्षं ट्रॉली ढकलणाऱ्या बाईला सगळे चौकशीमावशी म्हणत. सिस्टर पाठीमागे म्हणत, डॉक्टर तोंडावर म्हणत आणि घरी नवरा दोन्हीकडून म्हणे. हे नाव तिने स्वतःच्या खोडीने कमावलं होतं. जिला ऑपरेशनला न्यायचं तिच्या खाटेच्या पायथ्याशी मावशी कमरेवर हात ठेवून उभी राही आणि विचारी, "नाव सांगा. पूर्ण." मग, "कशाचं ऑपरेशन?" आणि मग, "कुठं? बोट ठेवून दाखवा." बोट ठेवल्याशिवाय ट्रॉलीचा ब्रेक निघत नसे. मोठे सर्जन दारात घड्याळ बघत उभे असले तरी नाही.

"तुम्हीच अमक्या ना?" असं मात्र ती चुकूनही विचारत नसे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा विचारलं होतं. समोरची बाई हो म्हणाली, मुकाट्याने ट्रॉलीवर झोपली, पायाचा एक्स-रे काढून घेतला, वर आभार मानले. परत आल्यावर कळलं की पाय मोडला होता तो तिच्या भावजयीचा, ही नुसती भेटायला आली होती. सगळा वॉर्ड पोट धरून हसला. मावशीला दोन दिवस जेवण गेलं नाही. हॉस्पिटलात घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं, ही गोष्ट तिने तेव्हा मनाशी पक्की बांधली आणि पुन्हा कुणाला हो म्हणायची संधी दिली नाही.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना हॉस्पिटलला सुरक्षिततेचा झटका आला.

एका कंपनीचा माणूस आला. बूट असे चकचकीत की मावशीला फरशीची लाज वाटली. त्याने सांगितलं की यापुढे प्रत्येक रुग्णाच्या मनगटाला एक पट्टी असेल, पट्टीत चिप असेल, आणि दारातलं यंत्र रेडिओच्या लहरींनी ती चिप लांबूनच वाचेल. कोण कुठे आहे, कुणाचं काय करायचं, सगळं पडद्यावर. चूक होणं आता अशक्य. 'अशक्य' म्हणताना त्याने दोन्ही हात पसरले. उद्घाटनाच्या दिवशी पहिली पट्टी मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताला बांधून घेतली, टाळ्या झाल्या, आणि साहेब ती काढायची विसरून तसेच घरी गेले. तीन दिवस पडद्यावर एक पुरुष रुग्ण स्त्रियांच्या वॉर्डातून फरार दिसत होता. साहेबांना सांगायचं कुणी, म्हणून कुणी सांगितलं नाही.

पट्टीवर नाव नव्हतं, फक्त खाटेचा आकडा. नाव म्हणे गोपनीय. आणि एकच पट्टी दहाजणींना चालावी म्हणून त्या चापाच्या घेतल्या होत्या, हव्या तेव्हा काढा, हव्या तेव्हा घाला.

मग कंपनीच्या माणसाने घड्याळ लावून मावशीला मोजलं. एका बाईमागे चाळीस सेकंद. वर्षाचे किती तास होतात ते त्याने रंगीत आलेख काढून दाखवलं आणि त्या आलेखाला नाव दिलं 'मानवी विलंब'. सव्वीस वर्षांच्या इमानाला असं नाव मिळेल हे मावशीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. भिंतीवर पाटी लागली : रुग्णांना अनावश्यक प्रश्न विचारू नयेत. मावशीने पाटी वाचली आणि पुढच्याच बाईला नाव विचारलं. पहिला मेमो. पंधरा दिवसांनी दुसरा. तिसरा मिळाला की ट्रॉली जाणार आणि रवानगी तळघरातल्या धुलाईत, हे साहेबांनी तिला समोर बसवून सांगितलं. त्या दिवसापासून मावशीने तोंडाला कुलूप घातलं. ट्रॉली तिला पोटच्या पोरासारखी होती, खोटं कशाला बोला.

इथवर मावशी बिचारी आणि यंत्र वाईट असं वाटेल. तसं सरळ काही नव्हतं.

घोडं पेंड खात होतं ते संडासात. वॉर्डचा संडास पॅसेजच्या पलीकडे, म्हणजे यंत्राच्या दाराबाहेर. कुणी लघवीला निघाली की भोंगा वाजे आणि पडद्यावर लाल अक्षरं येत : रुग्ण पळाला. मग सिस्टरने फॉर्म भरायचा. रुग्ण का पळाला? लघवीला. कुठे सापडला? संडासात. पुन्हा पळू नये म्हणून काय उपाय केला? पाणी कमी प्यायला सांगितलं. चाळीस बायका, दिवसाला दोनशे भोंगे. सिस्टरांच्या नाकी नऊ आले.

तेव्हा अक्कल पाजळली ती मावशीनेच. "अहो, पट्टी सलाइनच्या स्टँडला अडकवा की. बाई जाऊ दे कुठं जायचं तिकडं, पट्टी खाटेपाशी राहील. न्यायच्या वेळी हातात घाला." वॉर्डने तिला डोक्यावर घेतलं. भोंगा गप्प झाला, पडदा हिरवागार. एक आजी भर दुपारी घरी गेली, सुनेशी भांडून संध्याकाळी परत आली. पडद्यावर ती दिवसभर शांत झोपली होती. तीन महिन्यांनी 'एकही रुग्ण न हरवलेला वॉर्ड' म्हणून ढाल मिळाली. फोटोत मावशी दुसऱ्या रांगेत, हसताना.

आणि एके दिवशी सकाळी पडद्यावर आलं : अकरा नंबर, थिएटर.

मावशी आदल्या दिवशी सुट्टीवर होती. सिस्टर नवीन, दुसऱ्या वॉर्डातून आलेली. तिने अकरा नंबरच्या स्टँडवरची पट्टी काढली, खाटेवरच्या मुलीच्या हातात चाप लावला, झोपेचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, "न्या मावशी." खाटेवर चोवीसेक वर्षांची पोरगी. मावशीच्या जिभेवर प्रश्न आला होता. पण पॅसेजमध्ये कंपनीचा माणूस हातात घड्याळ घेऊन उभा होता. मावशीने ओठ दाबून धरले आणि ट्रॉली ढकलली.

लिफ्टमध्ये मुलगी गुंगीतच म्हणाली, "मावशी, बेंबीपाशी टाके पडले की पुढं बाळंतपणाला त्रास होतो का हो? दोन वर्षं झाली लग्नाला. सासूबाई रोज विचारतात."

"काही होत नाही बाळ," मावशी म्हणाली. हर्नियाची पोर दिसतेय, एवढंच मनात आलं.

थिएटरच्या दारात यंत्राने टुणकन आवाज केला, दिवा हिरवा झाला. थिएटर सिस्टरने पडद्याकडे बघत मोठ्याने वाचलं, "अकरा नंबर. वय सेहेचाळीस. गर्भाशय काढणे. बरोबर?"

"हो," मुलगी म्हणाली.

मावशीने पायाने ब्रेक दाबला.

"सिस्टर, हिचा चेहरा बघा. ही सेहेचाळीसची आहे का?"

"हल्ली चेहऱ्यावरून वय कळतं का मावशी? यंत्र सांगतंय ना. सोडा ट्रॉली."

"ही हर्नियाची आहे. आत्ता लिफ्टमध्ये बोलली माझ्याशी."

"गुंगीत माणूस काहीही बोलतं. मशीनने वाचलंय, चूक होणार नाही. आणि तुमचा तिसरा मेमो होईल हं, सांगून ठेवते."

मावशीला हे ठाऊक होतंच. ती गप्प बसली असती तर तिच्या केसालाही धक्का लागला नसता. दिवा हिरवा होता, जबाबदारी यंत्राची होती. आणि यंत्राला खोटं पाडायचं तर एकच गोष्ट बोलावी लागणार होती, जी बोलल्यावर वॉर्डची ढाल जाणार, सिस्टर जन्मात तोंड बघणार नाहीत, आणि मूळ दोष तिच्याच पदरात पडणार. तिने ट्रॉलीची दांडी दोन्ही हातांनी धरली. खाली पोरगी तोंड उघडं टाकून झोपली होती.

"यंत्राने पट्टी वाचली," मावशी ओरडली, "बाई नाही वाचली! पट्ट्या आम्ही काढून स्टँडला टांगतो. सगळ्या. मीच शिकवलंय. ही पट्टी हिची नाही, खाटेची आहे! बोलवा सर्जनसाहेबांना, त्याशिवाय मी हात काढणार नाही."

सर्जन बाहेर आले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा मुलीकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग शोधाशोध झाली. आदल्या दुपारी बारा नंबरच्या या मुलीला उकडत होतं आणि अकरा नंबरच्या बाईला डोक्यावरच्या पंख्याने हुडहुडी भरत होती. दोघींनी गोडीगुलाबीने खाटा बदलल्या. उशा नेल्या, पाण्याच्या बाटल्या नेल्या. पट्ट्या स्टँडवरच राहिल्या.

चौकशी समिती बसली. अहवाल दोन पानी आला. यंत्रणेने पट्टी अचूक ओळखली, असं त्यात होतं. फक्त रुग्ण चुकीचा होता. स्टँडचा उल्लेख नव्हता, कारण तो केला तर ढाल परत करावी लागली असती आणि ढालीसोबत साहेबांचा फोटो वर्तमानपत्रात येऊन गेला होता. मावशीला तिसरा मेमो : थिएटरच्या दारात दोन तास विलंब. मुलीला आणि घरच्यांना सांगण्यात आलं, तांत्रिक कारणाने ऑपरेशन पुढे ढकललं.

मावशीचा नवरा शाळेत शिपाई होता, घंटा वाजवून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "खरं बोललीस आणि धोबीण झालीस."

"खोटं बोलले असते तर तुझ्यासमोर बसून जेवले असते का रे मी?"

नवऱ्याने भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

आठवड्याने ती मुलगी तळघरात आली. पोटावर हात धरून, हळूहळू पायऱ्या उतरत, हातात कागद. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं होतं. कागद तक्रारीचा होता. ऑफिसातल्या क्लार्कने लिहून दिला होता : मावशीच्या आडमुठेपणामुळे रुग्णास चार दिवस ताटकळावे लागले.

"मावशी, राग मानू नका," ती म्हणाली. "ह्यांची रजा वाया गेली, सासूबाई चिडल्यात. ऑफिसातले म्हणाले सही करा. पण मला तुमचा आवाज आठवतो, तुम्ही कुणावर तरी ओरडत होता. का अडवलंत मला?"

मावशीने हातातली चादर खाली ठेवली. रुग्णांना विचारायचं नाही असा हुकूम होता. सांगायचं नाही असं पाटीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

"बस इथं," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. पंखा, खाटा, पट्टी, स्टँड, आणि स्टँडची अक्कल कुणाची तेही.

मुलगी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. दोन्ही हात ओटीपोटावर गेले होते. ती म्हणाली, "मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही बाळ."

मुलगी उठली. मावशी "अगं, टाके आहेत, सावकाश" म्हणेपर्यंत ती जिन्यात होती. मावशी मागे धावली.

वर हॉलमध्ये दुसऱ्या हॉस्पिटलांतले पाहुणे यंत्रणा बघायला आले होते. कंपनीचा माणूस हात पसरून 'अशक्य' म्हणत होता. साहेब शेजारी उभे राहून मान डोलावत होते. मुलगी सरळ पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझं गर्भाशय काढणार होतात तुम्ही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "मला कधी सांगणार होतात?"

साहेबांनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. कंपनीच्या माणसाचे हात पसरलेलेच राहिले. कुणीतरी शिपायाला हाक मारली, तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची मुलीपुढे सरकवली. "बसा," त्या म्हणाल्या, आणि साहेबांकडे वळून, "आम्हाला वाटलेल्या कागदांत अहवाल वाचलाय मी तुमचा. यात एक पान कमी आहे."

दारात मावशी धापा टाकत उभी होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. सिस्टरांच्याही.

"ते पान माझं आहे," मावशी म्हणाली आणि पदराने हात पुसत आत आली.