तिघींतली मागची

कुणाच्या पोटात दुसरीचे दागिने बघून दुखतं, कुणाच्या गाडी बघून. माझ्या पोटात दुखलं ते पांढऱ्या बुटांच्या एका जोडीवरून. तेही पहाटे साडेपाचला, गोधडी पांघरून खिडकीच्या फटीतून बघताना.

बूट होते आमच्या गल्लीत दसऱ्याला भाड्यानं राहायला आलेल्या नांदेडच्या बाईचे, आणि ती चालली होती माझ्या मैत्रिणीच्या शेजारून. सहा वर्षं ती जागा माझी होती. आम्ही दोघी लातूरच्या एकाच गल्लीत, चार घरं सोडून राहतो. दोघींना एकाच वर्षी शुगर निघाली, डॉक्टरांनी दोघींना रोज तासभर चालायला सांगितलं. तेव्हापासून ती पहाटे माझ्या फाटकापाशी येऊन हाक मारायची, "उठलीस का गं?" मी आतून म्हणायची, "हाव, आले." मग मैदानाला सात फेऱ्या. गुडघे, सुना, नवरे, सगळं त्या सात फेऱ्यांत निघायचं.

उन्हाळा-पावसाळ्यात मी कधी चुकत नाही. थंडी पडली की मात्र माझं घोडं अडतं. आज डोकं, उद्या कंबर, परवा पाहुणे. यंदा तर कार्तिक लागल्यापासून मी जवळजवळ गेलेच नव्हते. आणि "येत नाही" असं सरळ सांगायची मला सवय नाही. मी "हाव, आले" म्हणायची आणि कूस बदलायची. ती थांबायची, थोड्या वेळानं पुन्हा हाक मारायची आणि मग एकटीच जायची. इतक्या वर्षांची मैत्रीण, तिच्याशी कसला आलाय शिष्टाचार, असं माझं मत होतं.

एके दिवशी हाका बंद झाल्या. पहिले दोन दिवस बरं वाटलं, झोप मोडत नव्हती. तिसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं तर ते पांढरे बूट.

त्यानंतर माझी पहाटेची झोपच उडाली. रोज साडेपाचला मी खिडकीशी. दोघी हसत हसत जायच्या. माझी मैत्रीण एवढं काय हसते? माझ्यासोबत तर निम्मा वेळ गुडघ्यांचंच रडगाणं असायचं. आणि ती बाई वयानं आमच्याहून दहा वर्षांनी लहान, शुगर नाही, बीपी नाही, तिला कशाला हवंय चालायला? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नवरा म्हणाला, "एवढं जळण्यापरीस तू बी जा की." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

मला वाटलं, येळवस आली की सगळं ठीक होईल. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे लातूर निम्मं रिकामं होतं. ज्याला शेत आहे तो शेतात जातो, ज्याला नाही त्याला कुणीतरी नेतं. मैत्रिणीला शेत नाही. सहा वर्षं ती आमच्यासोबत चाकूरजवळच्या आमच्या शेतात येते. कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीत पूजा झाली की शेंगा-भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढायला तीच पुढे असते. मी आदल्या दिवशी तिच्या वाटचे उंडे धरून पीठ भिजवलं, आंबिलीला ताक घुसळलं. सकाळी गाडीत तिची जागा धरली आणि फोन केला.

"अगं, आम्ही जळकोटकडं निघालो की," ती म्हणाली. "त्या नांदेडवालीच्या सासऱ्याचं शेत हाय. घरी येऊन, कुंकू लावून आवतण देऊन गेली."

"आणि माझं काय? तुला दरवर्षी यायचं असतं ते माहीत न्हाई का?"

"तू काही बोललीच न्हाईस."

"घरच्या माणसाला आवतण लागतं का?"

ती म्हणाली, "लागतं गं कधीकधी."

त्या दिवशी शेतात मला भज्जी गोड लागली नाही. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. मी कोपीच्या मागे जाऊन रडले. पन्नाशीच्या बाईनं मैत्रिणीसाठी रडायचं, लाज वाटली, पण रडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी कानाला शाल गुंडाळून मैत्रिणीच्या दारात उभी. त्या बाईच्या आधी. मैत्रीण मला बघून दचकलीच. तेव्हापासून एक दिवस चुकले नाही. धुकं असो, दातावर दात वाजोत, मी हजर. डॉक्टरांच्या धाकानं जे जमलं नाही ते जळफळाटानं जमलं. पण मैदानाच्या कडेची वाट दोघींपुरतीच रुंद. पुढे त्या दोघी, मागे मी. पुढची वाक्यं मला अर्धीच ऐकू यायची. नांदेडची बाई मधूनच वळून म्हणायची, "काकू, या ना पुढं, मी मागं चालते." मी म्हणायची, "राहू दे, मला हळूच चालायचंय." तिचं ते चांगलं वागणंच मला जास्त झोंबायचं.

संक्रांतीला ती माहेरी नांदेडला गेली. त्या पहाटे मी नवरीसारखी खुशीत होते. चौथ्या फेरीला मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, "तिच्यासाठी मला सोडलंस ना?"

"मी कुठं सोडलं?" ती चालता चालता थांबली. "तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नको. कार्तिकात तुझ्या फाटकापाशी मला चक्कर आलती. उपाशीपोटी, थंडीत बराच वेळ उभी होते. दुसरी हाक मारली अन् डोळ्यापुढं अंधारी. फाटकाला धरून खालीच बसले. हिनं समोरून बघितलं, पळत आली, घरी नेऊन गूळ चारला. तवापासून ती मला एकटी सोडत न्हाई."

"मला उठवायचं तरी," मी कसंबसं म्हटलं.

"'आले' म्हणून परत डोळा लागला आसंल तुझा. झोपेतल्या माणसाला काय बोल लावायचा? चल, तीन फेऱ्या राहिल्यात."

ती माझा हात धरून चालायला लागली. सहा वर्षांत तिनं कधी माझा हात धरला नव्हता.

मी त्या पहाटे झोपेत नव्हते. दुसरी हाक ऐकली होती, फाटक जोरात वाजलेलंही ऐकलं होतं. गेली एकदाची, असं म्हणून मी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली होती. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.