कोपरा फाटलेलं कार्ड

धरणगावजवळच्या आमच्या खेड्यातून मी भुसावळला निघाले, तेव्हा चार वर्षांची रेखा माझ्या वडिलांच्या, आबांच्या खांद्यावर झोपली होती. मुद्दामच तिच्या झोपेची वेळ साधली होती. रेल्वेत असलेला नवरा वारला आणि त्याच्या जागी मला नोकरी लागली होती. एसटी हलली तसे आबा म्हणाले, "पोर आमनाजवळ शे. तू बिनघोर जाय."

भुसावळला मला शिपायाचं काम, एक खोली आणि पंखा मिळाला. झोप नाही मिळाली. घास घशाखाली उतरेना, बसल्याजागी छाती धडधडायची. शेवटी शेजारणीने मला शनिवारी अक्कांच्या वर्गाला नेलं. अक्का निवृत्त नर्स. आयुष्याची घडी विस्कटलेल्या बायकांना त्या बुद्धविहारात जमवायच्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला नवऱ्याने टाकलेलं. 'ताणमुक्ती' हा शब्द तिथे पहिल्यांदा ऐकला आणि मला हसूच आलं. पण अक्का वेळेवर जेवायला लावत, चालायला लावत, तळपायाला तेल चोळून श्वास मोजायला शिकवत. खरं सांगते, त्यावरच मी तगले.

एका शनिवारी अक्का म्हणाल्या, "सगळ्यात जास्त छळतं ते चिटोऱ्यावर लिहा आणि श्वास सोडत फाडून टाका." माझ्याकडे कागद नव्हता. पिशवीत आबांना लिहिलेलं पोस्टकार्ड होतं: मी सुखरूप आहे, रेखाला खोकल्याचं औषध द्या. त्याचा कोरा कोपरा फाडला, त्यावर 'रेखा' लिहिलं आणि बारीक तुकडे केले. फार हलकं वाटलं. येताना कार्ड पेटीत टाकलं.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याचा निरोप, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. त्या दिवशी सुचलं नाही, एवढंच.

घरात कुणाला वाचता येत नव्हतं आणि पत्र वाचून देणारे गुरुजी बाहेरगावी होते. पोस्टमनने फाटका कोपरा पाहून पुढचं वाचलंच नाही; 'भुसावळचं' एवढंच म्हणून मान खाली घालून कार्ड ओट्यावर ठेवून गेला. तसलं कार्ड घरात नेत नाहीत, म्हणून आईने ते तिथेच फाडलं आणि हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. रेखाला डोक्यावरून आंघोळ घातली, तुझी आई देवाघरी गेली म्हणून सांगितलं. आबा माझं प्रेत न्यायला भुसावळला आले. ऑफिसच्या दारात त्यांनी मला चहाचा ट्रे घेऊन उभी पाहिलं.

"तू जित्ती शे, माय?"

तशीच त्यांच्याबरोबर गावी गेले. मला पाहताच रेखा किंचाळली आणि आजीच्या पदरात शिरली. रजा संपेपर्यंत जवळ आली नाही. पुढे दर सुटीत तिला न्यायला जायचे, दर वेळी ती तापाने फणफणायची. शेवटी आबा म्हणाले, "राहू दे तिले आठेच." मी तिला तिथेच राहू दिलं. अक्का स्वतःला दोष देत राहिल्या. पण हात माझा होता.

मागे राहिलेल्यांनो, तुम्ही माझं लेकरू वाढवलंत, तुमच्यावर राग नाही. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना मात्र विचारावंसं वाटतं, तुम्हाला घर सापडलं का? रेखा आता पिंप्राळ्यात नांदते. माहेर विचारलं की गावाचं नाव सांगते. माझ्या क्वार्टरवर येते, चप्पल काढते आणि मी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर उभी राहते. ती यायची असली की मी दार सताड उघडं ठेवते. तरी ती थांबतेच.